घशाच्या गोळीचा गुडघ्याला गुण

हितेंद्रच्या पदरात काय काय पडणार होतं ते आधी मांडून घेऊ, म्हणजे पुढे कुणाची उगाच कीव करायला नको. एक तर नावाच्या आधी ‘डॉक्टर’ लागणार होतं. ते लागलं की धुळ्याच्या फार्मसी कॉलेजात तासावर राबणारा हितेंद्र कायम होणार होता, आणि देवपुरातल्या भाड्याच्या खोलीत बायकोला ‘पुढच्या वर्षी नक्की’ असं सांगण्याचं कामही संपणार होतं. पण खरी जमा तिसरीच होती. जळगावला सासरी वरण-बट्टीचा बेत असला की सासरे प्रेमराज नाना तुपाची वाटी स्वतः फिरवत. ती सुरू व्हायची मोठ्या जावयाच्या ताटापासून. त्याचं सुरतेला कापडाचं होलसेल होतं. तिथे नाना बट्टीचा पोहण्याचा तलाव करायचे. हितेंद्रपाशी येईस्तो त्यांचा हात असा काही आखडायचा की बट्टीला तूप लागलं की नुसता वास लागला, हे चावून बघावं लागे. वर पाहुण्यांना ओळख करून देताना, “हे धाकटे. मास्तर आहेत.”

तर डॉक्टरकी, नोकरी आणि तूप. एवढ्यासाठी हितेंद्र चार वर्षं संगणकापुढे बसला होता.

त्याचा विषय मात्र मास्तराचा नव्हता, पक्का व्यापाऱ्याचा होता. नवं औषध शोधायचं तर दहा-बारा वर्षं आणि डोळे पांढरे होतील एवढा पैसा लागतो. त्यापेक्षा जी औषधं बाजारात आहेत, लोक पचवून बसलेत, त्यांतलंच एखादं दुसऱ्या रोगावर चालतं का ते संगणकाकडून हुडकून घ्यायचं. एवढं त्याने समजावून सांगितलं तेव्हा नाना गल्ल्यावरून न उठता म्हणाले होते, “म्हणजे पडून राहिलेल्या मालाला नवं गिऱ्हाईक शोधायचं. हे शिकायला धुळ्याला कशाला जायला पाहिजे होतं? मी चाळीस वर्षं दुसरं काय करतोय?”

पहिली दोन वर्षं रेणू बसवून बघण्यात गेली. रोगाच्या प्रथिनात एक खाच असते, औषधाचा रेणू त्या खाचेत बसतो का ते संगणक ताडून बघतो आणि गुण देतो. हितेंद्रने इतके रेणू इतक्या खाचांत बसवले की शेवटी सगळं सगळ्यात बसायला लागलं. संगणकाला फार विचारलं की तो कंटाळून हो म्हणतो. त्याच्या मार्गदर्शक, डॉ. शीतल भामरे, बारीक अंगाच्या आणि जाड चष्म्याच्या. त्या म्हणाल्या, “खाचेत बसलं म्हणजे माणसात चाललं असं नाही. खऱ्या माणसांचा पुरावा आणा.”

खरी माणसं होती नानांकडे.

प्रेमराज नानांचं मेडिकल स्टोअर जळगावात एका हाडांच्या दवाखान्यासमोर होतं. असोदा, धरणगाव, वरणगाव, कुठून कुठून लोक गुडघे धरून त्या डॉक्टरकडे येत आणि चिठ्ठी घेऊन रस्त्यापलीकडे नानांकडे. एकदा धरलेलं गिऱ्हाईक मग गुडघ्याबरोबर बीपी-शुगरच्या गोळ्याही तिथूनच नेई. प्रत्येक बिल संगणकावर, प्रत्येक बिलावर फोन नंबर. हितेंद्रने कॉलेजच्या समितीची परवानगी काढली, बिलांवरची नावं आणि फोन नंबर पुसून माणशी एकेक क्रमांक दिला, आणि कोणता क्रमांक कोणाचा हे फक्त नानांपाशी राहील असं ठरलं.

“घ्या,” नाना म्हणाले. “माझ्या धंद्याची कुंडली देतोय. पुस्तकात माझं नाव छापा. आणि फोटोही टाका, असला तर.”

त्याच दिवशी हितेंद्रचं डोकं दुखत होतं. त्याने सासऱ्याच्या दुकानातून गोळी घेतली. नानांनी जावई म्हणून पैसे सोडले नाहीत. नोट घेतली, ड्रॉवर उघडला, बंद केला, आणि काउंटरवरच्या बरणीतून घशाच्या दोन चघळायच्या गोळ्या त्याच्या हातावर ठेवल्या. “सुट्टे नाहीत. घ्या, घसा मोकळा राहील. वर्गात ओरडावं लागतं ना?” आणि त्या दोन्ही गोळ्या बिलात चढवल्या. बिल म्हणजे बिल. संध्याकाळी ड्रॉवर आणि बिलं जुळली नाहीत तर नानांना जेवण जात नसे.

नानांकडे सुट्टे कधीच नसत, हे सगळ्या जळगावाला माहीत होतं. घशाची ही गोळी कंपनीकडून बऱ्याच खोक्यांवर काही खोकी फुकट अशी यायची, त्यामुळे रुपयाऐवजी ती देण्यात रुपयातला बराचसा भाग नानांकडेच राहायचा. फोनवरून पैसे देणाऱ्यांची या गोळीतून सुटका होती. रोख देणारे, म्हणजे बहुतेक खेड्यातले म्हातारे-कोतारे, प्रत्येक खेपेला घसा मोकळा करून घरी जायचे.

हितेंद्रने सगळी बिलं संगणकात ओतली आणि त्याला एक साधा नियम शिकवला. गुडघ्याची गोळी दर महिन्याला नेणारा माणूस ती न्यायचा थांबला, म्हणजे बरा झाला. थांबण्याआधी त्याने दुसरं कोणतं औषध घेतलं होतं, ते शोध.

संगणकाने शोधलं. घशाची गोळी.

हितेंद्रने चहा केला, प्याला, पुन्हा चालवून बघितलं. घशाची गोळी. ज्यांना ती मिळाली नव्हती ते वर्षानुवर्षं गुडघ्याचं औषध नेतच होते. ज्यांना मिळाली त्यांचे गुडघे चार-सहा महिन्यांत ठणठणीत! त्याने बीपीवाले घातले, तेही बरे. शुगरवाले घातले, ते तर सगळ्यांत लवकर बरे. शेवटी गोळीतल्या औषधाचा रेणू त्याने गुडघ्याच्या सुजेतल्या प्रथिनाच्या खाचेत बसवून बघितला, आणि तो असा बसला, जसा नाना गल्ल्यावर बसत. सगळं सगळ्यात बसतं हे तो तेवढ्यापुरतं विसरला.

त्या शनिवारी जळगावला वरण-बट्टी झाली. बातमी ऐकून नानांनी तुपाची वाटी उचलली, मोठा जावई हजर नव्हताच, पण असता तरी ती थेट हितेंद्रकडेच आली असती. बट्टी बुडाली. वरणही तुपात पोहायला लागलं.

“म्हणजे सगळ्यावरच चालते?” नाना म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत गोदामातली खोकी एकावर एक रचलेली दिसत होती.

“डेटा तर तसंच म्हणतोय, नाना. सांधे, बीपी...” हितेंद्रने तूप गिळलं. “शुगरवर तर सगळ्यांत जास्त.”

त्याची बायको मयुरी ताटावरून वर बघत म्हणाली, “घशाची गोळी? शुगरवर?”

“शास्त्रात असं होतं. एका रोगावरचं औषध दुसऱ्यावर लागू पडतं. जगभर झालंय.”

“झालं असेल. पण ती गोड असते हो.”

“तू शाळेत भूगोल शिकवतेस ना?” हितेंद्र म्हणाला. तूप अंगात गेलं की माणूस असं बोलतो. मयुरीचा घास बराच वेळ एकाच गालात राहिला.

स्वयंपाकघराच्या दारात परात घेऊन उभ्या असलेल्या प्रमिलाबाई, हितेंद्रच्या सासूबाई, सगळं ऐकत होत्या. त्यांना कुणी काही विचारलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. फक्त जावयाकडे बघून कौतुकाने हसल्या आणि आणखी एक बट्टी त्याच्या ताटात कुस्करली.

धुळ्याला भामरे मॅडमनी तक्ते शांतपणे बघितले. मग चष्मा वर ढकलून म्हणाल्या, “बरा झाला म्हणजे काय झालं? तुम्ही ‘बरा’ कशाला म्हणता?”

“औषध बंद झालं की, मॅडम.”

“हं.” त्यांच्या त्या एका ‘हं’ने अनेक प्रबंध खड्ड्यात गेले होते. “गुरुवारी समितीपुढे सादरीकरण आहे. कायम करायच्या जागेची मुलाखत त्याच दुपारी. त्याआधी बरी झालेली थोडी माणसं डोळ्यांनी बघून या. विचारून जा, त्यांची हरकत नसेल तरच.”

नानांनी क्रमांकांवरून नावं काढली आणि फोन लावले. ज्यांचे फोन लागले त्यांनी ‘या की’ म्हटलं. न लागलेल्यांकडे नाना ‘आपलीच माणसं आहेत’ म्हणून निघाले. रविवारी सकाळी त्यांच्या जुन्या गाडीतून दोघे बाहेर पडले. नानांनी दुकानातून पेढ्यांचा पुडा नव्हे, घशाच्या गोळ्यांची एक बरणी बरोबर घेतली.

पहिलं घर असोद्यात. रोग गुडघ्याचा, औषध बंद झाल्याला सात महिने, संगणकाच्या मते पूर्ण बरा. ओसरीवर सून केळीची फणी कापत बसली होती. हितेंद्रने विचारलं, “आजोबा आहेत का घरात?”

सुनेने कोयत्यानेच भिंतीकडे दाखवलं. भिंतीवर फोटो होता, फोटोला चंदनाचा हार.

मग प्रेमराज नानांनी टोपी काढली, हात जोडले, परत घातली आणि गाडीत बसल्यावर म्हणाले, “गुडघे दुखत नाहीत हे तर खरं.”

“नाना!”

“मी आपलं शास्त्र म्हणून बोललो.”

“एखादा वगळावा लागतो,” हितेंद्र म्हणाला. “प्रत्येक अभ्यासात वगळतात.”

दुसऱ्या घराला कुलूप. शेजारी म्हणाला, म्हातारा-म्हातारी दोघं पोराकडे सुरतेला राहायला गेली, कायमची. हितेंद्रने वहीत लिहिलं, ‘रुग्ण लांबचा प्रवास करू शकतो.’ लिहून झाल्यावर त्याला स्वतःलाच जरा चुटपुट लागली, पण खोडलं नाही. गाडी धरणगावकडे वळली.

धरणगावात हसीनाबींचं गाद्या-रजयांचं दुकान. आत त्यांचा मुलगा रमजान मशीनवर कापूस पिंजत होता आणि हवेत कापूस असा तरंगत होता की आत शिरताच नाना शिंकले. दाराशी लाकडी बाजेवर हसीनाबी पाय सरळ पसरून बसल्या होत्या, हातात रजईची शिवण. शेजारी खुर्चीवर एक पागोटेवाले म्हातारे आपली जुनी गादी भरून मिळायची वाट बघत बसलेले.

“या, भाऊ!” हसीनाबी नानांना म्हणाल्या. “आज रस्ता चुकले का? बसा. गादीवर बसा, पैसे नाही घेणार.”

नाना हसले. हितेंद्र पुढे झाला. “अक्का, तुमचे गुडघे आता कसे आहेत?”

“आहेत तिथेच आहेत, बेटा. जातात कुठे?”

“म्हणजे, दुखायचे थांबले ना?”

“कोण म्हणालं?”

“तुमचं औषध बंद झालंय ना? गेल्या वर्षी दिवाळीनंतर.”

हसीनाबींनी सुई रजईत खोचली आणि त्याच्याकडे नीट बघितलं. “औषध बंद केलं तर मला नमाजला खुर्चीवर बसायलाही दोन माणसं लागतील. रमजान, दे रे ती पिशवी.” रमजानने उशाखालची पिशवी काढून दिली. आत गुडघ्याच्या गोळ्यांच्या पट्ट्या होत्या, आणि पिशवीवर छापलं होतं: फैज मेडिकल. फैजचं दुकान जळगावात नानांच्या अगदी समोर, दवाखान्याच्या भिंतीला लागून. “औषध चालू आहे. बंद झालं ते यांचं दुकान.”

“पण का?” हा प्रश्न हितेंद्रने विचारला आणि विचारता विचारताच त्याला उत्तर दिसलं. नानांच्या मांडीवर बरणी होती. नानांनी ती हळूच पायाशी सरकवली.

“का म्हणून विचारतो!” हसीनाबींनी बाजेखालून बिस्किटाचा एक जुना डबा ओढून काढला. झाकण उघडलं. आत घशाच्या गोळ्या, पिवळ्या कागदातल्या, चिकटून ढेप झालेल्या. “दर महिन्याला एवढ्या लांब बसने जायचं, औषध घ्यायचं, आणि परतीच्या तिकिटाला सुट्टे मागितले की हे. कंडक्टर घेतो का ही गोळी? एकदा मी काय केलं सांगू? या सगळ्या गोळ्या मोजून यांच्या काउंटरवर ठेवल्या. म्हटलं, भाऊ, औषधाचे पैसे कापून घ्या. तर म्हणतात, ‘अक्का, मस्करी करता का?’ मी म्हटलं, तुम्ही इतके दिवस करत होता ती काय होती?”

रमजानने मशीन बंद केलं होतं. त्याला हसू आवरत नव्हतं.

“मग तुम्ही समोर जायला लागलात,” हितेंद्र म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच लांबून आला.

“मी एकटी? धरणगावची बस थांबली की नवीन माणसाला आम्हीच सांगतो. गोळ्या खायच्या असतील तर या बाजूला जा, औषध घ्यायचं असेल तर त्या बाजूला.”

खुर्चीवरचे म्हातारे इतका वेळ मान डोलवत होते. ते अहिराणीत म्हणाले, “मन्हं बी तसंच शे, भाऊ. बठ्ठा गाव समोरना दुकानमां जास. तो पोऱ्या सुट्टा पैसा देस.”

“तुमचं नाव काय, आबा?”

“पुना.”

नानांचा चेहरा पडला. हितेंद्रने त्यांच्या हातातला नावांचा कागद घेतला. पुढचंच नाव होतं. “पुना आबा, तुमचा बीपी... तुम्ही तर पूर्ण बरे झालेले आहात.”

“कोन म्हने?”

“संगणक.”

“तेले सांग,” पुना आबा म्हणाले, “मी आजून जित्ता शे. आनि मन्ही गोळी चालू शे.”

निघताना हसीनाबींनी चहा पाजला, आणि नानांच्या हातात तो डबा दिला. “घेऊन जा, भाऊ. तुमचेच पैसे आहेत.” नानांनी नको म्हटलं, पण तो न घेता दारातून बाहेर पडता येईना, म्हणून घेतला.

परतीच्या रस्त्यावर गाडीत दोन बरण्यांएवढ्या गोळ्या आणि दोन गप्प माणसं होती. हितेंद्र मनात मोजत होता. संगणक चुकला नव्हता, हेच वाईट होतं. गोळी मिळाली की माणूस औषध घ्यायचा थांबतो, हे अगदी खरं होतं. फक्त तो बरा होऊन थांबत नव्हता, चिडून थांबत होता. नानांकडचं गिऱ्हाईक का आटलं, याचा जळगावातला सर्वांत सखोल अभ्यास त्याने केला होता.

बरंच अंतर गेल्यावर नाना म्हणाले, “जावईबापू, एक सांगू? आपण दोघं असोद्यालाच गेलो होतो. धरणगावला गेलोच नाही.”

हितेंद्रने वही उघडली आणि बंद केली.

“तुमचं गुरुवारी काम होईल. माझंही दुकानाचं नाव चव्हाट्यावर यायचं राहील. तुम्ही माझं झाका, मी तुमचं झाकतो. काय?”

आणि इथे खरं ते लिहायला हवं: हितेंद्रला हे पटत चाललं होतं. मेलेला वगळता येतो, सुरतेला गेलेला ठेवता येतो, धरणगावचे ‘संपर्क होऊ शकला नाही’ म्हणता येतात. वाक्यं त्याच्या डोक्यात आपोआप जुळत होती, प्रबंधाच्या भाषेत, सभ्य आणि गुळगुळीत. कायम झाल्यावर बघू. चूक पुढच्या लेखात दुरुस्त करता येते. मोठमोठे करतात.

घरी पोचले तर दार उघडंच. प्रमिलाबाई स्वयंपाकघराच्या जमिनीवर, भिंतीला पाठ लावून. ओठ सुकलेले, डोळे अर्धे मिटलेले, बोलणं जडावलेलं. मयुरी त्यांच्या तोंडावरून ओला रुमाल फिरवत होती. शेजारी पिवळ्या कागदांचा ढीग.

“रिक्षा बोलावलीय,” मयुरी म्हणाली. तिचा आवाज शांत होता, आणि हितेंद्रला लग्नापासून माहीत होतं की तो असा शांत झाला की काय समजायचं. “शुगर मोजली. यंत्रात आकडाच येत नाही, नुसतं ‘जास्त’ येतंय. आईने आपली शुगरची गोळी बंद केलीय. त्या शनिवारपासून.”

“बंद का?”

“तुमच्यामुळे. शुगरवर सगळ्यांत जास्त, असं कोण म्हणालं होतं? आणि नाना, बरणी घरात कोणी आणून दिली?”

नाना खाली बघत म्हणाले, “मी म्हटलं, घरचीच आहे... तेवढीच महिन्याची गोळी वाचेल.”

“दिवसभर चघळत होती. गोड आहे म्हणून लवकर गुण येईल म्हणाली.”

नानांच्या दुकानामागच्या गल्लीतल्या मोठ्या दवाखान्यात दाखल केलं. डॉक्टरांनी कागदावर इन्सुलिन लिहून दिलं, लगेच आणा म्हणाले. नाना कागद घेऊन धावले, आपल्या दुकानापर्यंत जाऊन थबकले. इन्सुलिनला फ्रिज लागतो, फ्रिजला वीज लागते, आणि ती दिवसरात्र लागते. म्हणून नानांनी फ्रिज कधी घेतलाच नव्हता.

चाळीस वर्षांत नानांनी दुकानासमोरचा रस्ता हाडांच्या डॉक्टरांना दिवाळीचा डबा द्यायला ओलांडला होता, फैजच्या दुकानात जायला कधीच नाही. हितेंद्र मागून येत होता, त्याने बघितलं. दुकानात गर्दी होती. असोद्याची, धरणगावची, वरणगावची. बरे झालेले सगळे रांगेत उभे होते. त्यांनी नानांना बघितलं आणि एकेक जण बाजूला सरकला. कुणी टोमणा मारला नाही. मारला असता तर नानांना सोपं गेलं असतं.

फैज तरुण पोरगा. त्याने कागद बघितला, फ्रिजमधून इन्सुलिन काढलं, बर्फाच्या पिशवीत गुंडाळलं आणि विचारलं, “कोणाला, नाना?”

“घरी. प्रमिला.”

“काकींना?” फैजने सुयाही दिल्या, कशी द्यायची ते सांगितलं. नानांनी मोठी नोट दिली. फैजने ड्रॉवर उघडला, नोटा दिल्या, मग नाणी. एकेक करून, रुपयापर्यंत, नानांच्या तळहातावर. “मोजून घ्या, नाना.”

नानांनी मोजली नाहीत. मूठ तशीच मिटून ते रस्ता ओलांडून परत आले आणि ती नाणी जिन्यापाशी हितेंद्रच्या हातात ओतली, जणू ती भाजत होती.

दोन दिवसांनी प्रमिलाबाई उशीला टेकून बसल्या. जावयाला बघून पदर सारखा केला. “तुमचं ते धुळ्याचं भाषण राहिलं नाही ना, माझ्यापायी?”

“गुरुवारी आहे, आई.”

“मग त्यात माझंही नाव घाला,” त्या म्हणाल्या. “मला गुण येत होता, फक्त चक्कर आली मध्येच. तुम्ही मेहनतीने शोधलंय. हे डॉक्टर लोक जळतात.”

मयुरी खिडकीकडे तोंड करून उभी होती. हितेंद्र स्टुलावर बसला. डोक्यातली गुळगुळीत वाक्यं एकेक करून निसटली. मग त्याने सासूबाईंना सगळं सांगितलं. फोटोचा हार, सुरत, डबा, पुना आबा. सांगायला वेळ लागला, कारण त्या मध्येच ‘पण संगणकाने सांगितलं होतं ना?’ असं विचारायच्या आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागायचं. शेवटी त्या म्हणाल्या, “म्हणजे यांच्या सुट्ट्यामुळे?” आणि इतक्या हसल्या की नर्स बघायला आली.

गुरुवारी धुळ्याला समितीपुढे हितेंद्रने तक्ते दाखवले. आधी शोध, मग असोदा, मग धरणगाव. दुकानाचं नाव घेतलं नाही. सभागृहातल्या जळगावच्या पोरांना ते घ्यायची गरजही नव्हती, हसू त्यांच्याच रांगेतून सुरू झालं.

“निष्कर्ष?” भामरे मॅडम म्हणाल्या.

“औषध घ्यायचा थांबला म्हणजे माणूस बरा झाला असं नाही. तो मेलेला असतो, सुरतेला गेलेला असतो, नाहीतर समोरच्या दुकानात गेलेला असतो. दुकानाची बिलं हे सांगू शकत नाहीत. मी विचारायला हवं होतं, आणि विचारलं ते फार उशिरा.”

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्मा पुसत विचारलं, “मग ही गोळी कशावर चालते?”

“घशावर, सर.”

समितीने प्रबंधाला मुदत वाढवून दिली: काम नव्याने करा, दवाखान्यातल्या तपासण्यांवरून करा, दुकानाच्या बिलांवरून नाही. दुपारची मुलाखत झाली. हितेंद्रला त्याच्याच सादरीकरणाबद्दल तीन प्रश्न विचारले आणि जागा नंदुरबारच्या एका उमेदवाराला गेली. जाताना भामरे मॅडमनी त्याचा घशाच्या गोळीचा तक्ता मागून घेतला. पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवायला बरा आहे म्हणाल्या. हितेंद्रला त्यांच्याकडून मिळालेलं हे पहिलं कौतुक.

आता शेवटची बाकी. फैजने मागितलं काही नव्हतं, मिळालं सगळं. गोष्ट धुळ्याहून जळगावला एसटीच्या आधी पोचली आणि नानांचे उरलेसुरले रोखवालेही रस्ता ओलांडून गेले. असोद्याचा म्हातारा फोटोत आहे, त्याच्याकडून काही येणं नाही. हसीनाबींचा डबा नानांनी रिकामा करून परत पाठवला, त्यात आता बटणं असतात. नानांनी फ्रिज घेतला, बँकेतून नाण्यांची पिशवी आणली, आणि जावयाने डोकेदुखीची गोळी घेतली तरी ते रुपया परत मोजून देतात, चेहरा मात्र दात काढून घेतल्यासारखा. तुपाची वाटी पुन्हा सुरतेपासून सुरू होते. हितेंद्रने चार वर्षं दिली होती, आता पाचवं देतो आहे. मयुरीने ‘पुढच्या वर्षी नक्की’ पुन्हा एकदा ऐकून घेतलं आणि शाळेत जादा तास धरले. आणि प्रमिलाबाई गोळीवरून सुईवर गेल्या. बट्टी त्या अजूनही करतात, स्वतः खात नाहीत, आणि हितेंद्रच्या ताटातलं तूप नानांची पाठ वळली की गुपचूप वाढवतात. पण सगळ्यांच्या शोधाचा हप्ता रोज सकाळी बोट टोचून त्याच भरतात.